चावी मिळाली, दाखले मागेच राहिले

मानखुर्दचे लल्लुभाई कंपाउंड आणि गोवंडीचे नटवर पारेख कंपाउंड या मुंबईतल्या मोठ्या पुनर्वसन वसाहती. विकास प्रकल्पांसाठी झोपडी सोडावी लागलेल्या कुटुंबांना इथे पक्की घरे मिळाली. ‘डॉक्टर्स फॉर यू’ या संस्थेच्या २०१८ मधल्या अभ्यासाने इथला क्षयरोग आणि खेटून बांधलेल्या इमारतींमधली उजेड-वाऱ्याची टंचाई यांचा संबंध पुढे आणला. त्यावरची चर्चा बांधकामाभोवती फिरली, आणि ती व्हायलाच हवी होती. पण उभ्या इमारतींमधले अंतर आता वाढणार नाही. आत राहणाऱ्या कुटुंबांपर्यंत उपचार, शिधा, पोषण आणि पेन्शन पोहोचवणे मात्र आजही शक्य आहे. माझ्या मते ही जबाबदारी घर देणाऱ्या यंत्रणेचीच आहे, कारण या कुटुंबांना त्यांच्या जुन्या वस्तीतून तिनेच उठवले.

क्षयाचेच उदाहरण घेऊ. उपचार किमान सहा महिने चालतात. गोळ्या फुकट मिळतात आणि निक्षय पोषण योजनेचे महिन्याला १,००० रुपये रुग्णाच्या बँक खात्यात जमा होतात. पण आजारी पडलेला रोजंदारीवरचा कमावता असेल, तर घरातल्या बाकीच्यांचे काय? शिधापत्रिकेवर पत्ता जुन्या वस्तीचा असतो. ‘एक देश, एक रेशनकार्ड’मुळे धान्य कुठल्याही रेशन दुकानात उचलता येते, पण नवी सून किंवा बाळ यांचे नाव चढवायचे तर शिधावाटप कार्यालयाच्या खेपा चुकत नाहीत. तान्ह्याची नोंद अंगणवाडीत करायची असते. विधवा सासूला संजय गांधी निराधार योजनेचे पैसे हवे असतील, तर उत्पन्नाचा दाखला, रहिवासाचा पुरावा आणि नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला घेऊन तहसील गाठायचे. घराचे वाटपपत्र मात्र अजून त्या नवऱ्याच्याच नावावर! उपचार महापालिकेकडे, शिधा अन्न व नागरी पुरवठा खात्याकडे, अंगणवाडी महिला व बालविकासकडे, पेन्शन तहसील कार्यालयाकडे. एवढ्या सगळ्या खिडक्यांपुढे घरातली एकच बाई उभी राहते आणि प्रत्येक खेपेला तिचा एक खाडा होतो. जुन्या वस्तीत कुठला कागद कुठे मिळतो हे सांगणारी शेजारीण होती, अंगणवाडीची ताई ओळखीची होती, वाणी उधारी देत होता. सोडतीने घरे वाटली की ही ओळखपाळख एका दिवसात विस्कटते.

नियम करणाऱ्यांना याची जाणीव नव्हती असे नाही. झोपडपट्टी पुनर्वसनाच्या ३३(१०) या नियमात ठरावीक घरांमागे बालवाडी आणि कल्याण केंद्र यांची जागा ठेवावी लागते. त्या खोल्या बांधल्याही जातात, नकाशावर त्यांचे चौरस मीटर तपासले जातात. तिथे कोण बसणार आणि त्याचा पगार कोण देणार, हा प्रश्न मात्र घरांच्या मंजुरीत येत नाही. मग कल्याण केंद्राचे सोसायटीचे ऑफिस होते, नाहीतर त्याला कुलूप लागते. त्या खोलीत पगारी समुदाय संघटक हवा. कामही साधेच: ताबा मिळाल्यावर पहिल्या काही महिन्यांत प्रत्येक घराचे दाखले, शिधापत्रिका, लसीकरण, शाळा आणि चालू उपचार यांची नोंद करायची आणि अडलेला अर्ज मार्गी लागेपर्यंत त्याचा पाठपुरावा करायचा. सिंगापूरने २०१९ पासून ‘कॉमलिंक’ योजनेत सरकारी भाड्याच्या घरांतल्या मुलेबाळे असलेल्या कुटुंबांसाठी असाच दुवा उभा केला. तिथला पैसा आपल्याकडे नाही हे खरे, पण कुटुंबाला खात्यांच्या मागे धावायला न लावता खात्यांनी एका माणसामार्फत कुटुंबाकडे यायचे, ही मांडणी महागडी नाही.

खर्चाचा आक्षेप म्हणूनच मला टिकणारा वाटत नाही. इमारतीच्या देखभालीसाठी विकासकाकडून घरामागे ठेव घेतलीच जाते. तोच न्याय काही वर्षांपुरता माणसांना लावता येईल. ‘हे काम नगरसेवक आणि पक्षांच्या शाखा करतातच’, असेही म्हटले जाते. करतात, आणि अनेकांना त्यांचाच आधार असतो. पण मार्च २०२२ मध्ये मुंबई महापालिकेची मुदत संपल्यावर वर्षानुवर्षे नगरसेवकच नव्हते. शिवाय हक्काचा दाखला कुणाच्या मेहेरबानीने मिळाला की त्याची परतफेड मतात मागितली जाते. लोक परावलंबी होतील, या भीतीत मला तथ्य दिसत नाही. सुस्थितीतली माणसे करासाठी सीए आणि पासपोर्टसाठी एजंट गाठतात, त्यांना कुणी परावलंबी म्हणत नाही. गंभीर आक्षेप आहे तो पाळतीचा. घरोघरीची नोंद उद्या पोटभाडेकरू शोधून घरे काढून घेण्यासाठी वापरली गेली, तर संघटकाला कुणी दारात उभे करणार नाही, आणि ते योग्यच ठरेल. म्हणून ही नोंद पात्रता तपासणाऱ्या विभागाच्या हाती जाता कामा नये आणि कुटुंबाच्या संमतीशिवाय पुढे सरकता कामा नये. ही अट लेखी नसेल तर योजना सुरूच करू नये.

धारावीच्या पुनर्विकासात अपात्र ठरणाऱ्या कुटुंबांना धारावीबाहेर घरे देण्याचे ठरले आहे. संघटकांची पदे, त्यांचा निधी आणि नोंदीच्या गुप्ततेची ही अट पहिले कुटुंब हलण्याआधी तिथल्या कागदपत्रांत आली पाहिजे.