डोमिसाईलचा दाखला बारावीनंतर नको, नववीतच काढा!



सीईटीचा निकाल लागला की आपल्या मीरा-भाईंदरमध्ये एक प्रश्न हमखास ऐकू येतो, "सर, ते डोमिसाईल कुठे मिळतं हो?" मार्क चांगले असतात, कॉलेज ठरलेलं असतं आणि प्रवेशाची मुदत दोन-चार दिवसांवर आलेली असते. माझं स्पष्ट मत आहे की ही धावपळ जूनमधली नाहीच. ती नववीत, शांतपणे करायची गोष्ट आहे आणि त्यात शाळेनेही हात लावायला हवा.

या कागदावर काय अवलंबून असतं?

सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत एमबीबीएसच्या ८५ टक्के जागा राज्याच्या कोट्यात असतात. त्यासाठी अधिवासाबरोबर सर्वसाधारणपणे दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून लागतात. त्यामुळे क्लाससाठी मुलाला कोट्याला पाठवून बारावी तिकडून करायचा विचार असेल, तर आधी हा नियम वाचा.

फीचंही तसंच. २०२४-२५ पासून वार्षिक ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. पण महाडीबीटीवर अर्ज भरताना अधिवासाचा दाखला मागतातच. दाखला नसेल तर राज्यातलंच मूल कागदावर परराज्यातलं ठरतं.

अडकतं कोण?

इंजिनीअरिंगला दहावी-बारावी इथली आणि जन्मही महाराष्ट्रातला असेल, तर जन्माच्या पुराव्यावर भागतं. पण आपल्याकडे बाळंतपण माहेरी करायची रीत. आईचं माहेर बेळगावला, सुरतेला किंवा जौनपूरला असेल, तर बाळाचा जन्मदाखला तिथला. तीन महिन्यांचं बाळ मीरा रोडला आलं, इथेच शिकलं, इथेच वाढलं, तरी त्याला आपण इथले आहोत हे सिद्ध करावं लागतं. त्यात घर भाड्याचं, करार अकरा महिन्यांचा, लाईट बिल मालकाच्या नावावर. दर दोन वर्षांनी पत्ता बदलतो. मग दहा-पंधरा वर्षांचा सलग पुरावा आणायचा कुठून?

हा नियमच चुकीचा आहे का?

मला तसं वाटत नाही. हा वाद जुना आहे. इंदूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात मध्य भारतातल्या रहिवाशांना कॅपिटेशन फी माफ होती, बाहेरच्यांना भरावी लागे. दिल्लीचा एक विद्यार्थी त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेला. १९५५ साली न्यायालयाने बहुमताने ही सवलत वैध ठरवली. जन्मस्थान वेगळं आणि निवास वेगळा, निवासावरून सवलत देता येते, असा त्याचा आशय. जानेवारी २०२५ मध्ये न्यायालयाने पदव्युत्तर वैद्यकीय प्रवेशातलं निवासावर आधारित आरक्षण रद्द केलं. एमबीबीएसला मात्र ते काही प्रमाणात चालू शकतं, असंच म्हटलं.

म्हणजे मुद्दा मूल कुठे जन्मलं हा नसून ते कुठे राहिलं हा आहे. आणि मूल कुठे राहिलं याचा शाळेच्या जनरल रजिस्टरइतका भरवशाचा साक्षीदार दुसरा कोण?

मग आपण काय करायचं?

शिक्षकांनी नववीच्या पहिल्या पालकसभेत हा विषय घ्यावा. रजिस्टरमध्ये जन्मस्थळ गाव, तालुका, जिल्हा, राज्य असं पूर्ण आहे का ते पाहावं. मूल शाळा सोडून गेल्यावर ही दुरुस्ती फार किचकट होते. पहिलीपासूनच्या वर्षांचा उल्लेख असलेलं बोनाफाईड द्यावं.

पालकांनी प्रत्येक भाडेकरार जपून ठेवावा, घर बदललं तरी जुना टाकू नये. मुलाची शाळा बदलली असेल तर आधीच्या शाळेचाही दाखला घ्यावा. रेशनकार्डावर मुलाचं नाव आहे ना, ते बघावं. मग 'आपले सरकार' पोर्टलवर किंवा सेवा केंद्रात अर्ज करावा. दाखल्याची मुदत साधारण १५ दिवसांची आहे, पण त्रुटी निघाली की दिवस वाढतात. नववीत ते परवडतात, प्रवेशाच्या वेळी नाही. शिवाय उत्पन्नाच्या दाखल्यासारखा हा पुन्हा पुन्हा काढावा लागत नाही. प्रवेशाचे नियम मात्र त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत जरूर तपासा.

मालकीचं घर असलेल्यांचं कसंही निभावतं. भाड्याच्या घरातल्या हुशार मुलीची जागा एका कागदापायी जाऊ नये, एवढं तर आपल्या हातात आहे. येत्या पालकसभेत दहा मिनिटं यासाठी ठेवाल ना?