नोकरीच्या नकाशावरचा भूगोल

रत्नागिरी जिल्ह्यातील एखाद्या महाविद्यालयात जूनमध्ये भूगोलाचा वर्ग भरतो, तेव्हा समोर बसलेल्यांच्या मनात काय आहे हे प्राध्यापकांना वेगळे सांगावे लागत नाही. कुणाला राज्यसेवेची परीक्षा द्यायची असते, कुणाला बी.एड. करून शाळेत लागायचे असते, तर कुणाला जीआयएस या संगणकीय नकाशातंत्राचे प्रमाणपत्र हवे असते. यात गैर काहीच नाही. मुंबईच्या मनिऑर्डरीवर ज्या कोकणाने पिढ्या काढल्या, तेथील तरुणाने पदवीतून उपजीविका शोधू नये, असे म्हणण्याचा अधिकार कुणालाही नाही.

मात्र विद्यार्थ्याचे ध्येय हळूहळू अध्यापनाचेही ध्येय बनते, तेथे विचार करावा लागतो. २०१२ मध्ये राज्यसेवा मुख्य परीक्षेतील सामान्य अध्ययन बहुपर्यायी झाले आणि सह्याद्रीची घडण समजून घेण्यापेक्षा घाटांचा उत्तर-दक्षिण क्रम पाठ करणे अधिक लाभाचे ठरले. वर्गही त्याच वळणाने गेला. (पाठ केलेला घाट पहिल्या पावसात कुठे खचतो, हे एस.टी.च्या चालकाला अधिक ठाऊक असते!) २०२५ पासून ही परीक्षा पुन्हा वर्णनात्मक झाली असून वैकल्पिक विषयांत भूगोलही आहे. म्हणजे आता परीक्षाच कारणे विचारू लागली आहे. पण याद्यांची सवय सुटलेली नाही.

वास्तविक कारणांचा शोध घेण्यासाठी रत्नागिरीइतकी समृद्ध प्रयोगशाळा दुसरी कोणती? तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस झेलणाऱ्या या जिल्ह्यात चैत्र-वैशाखात वाड्यावाड्यांवर टँकर फिरतात. सच्छिद्र जांभा, तीव्र उतार, आखूड नद्या यांचा हा खेळ कोणत्याही सड्यावर उभे राहून दाखविता येतो. २२ जुलै २०२१ रोजी चिपळूण बुडाले. त्या दिवशीची अतिवृष्टी, वाशिष्ठीच्या पात्रातील गाळ, कोयनेच्या वीजगृहांतून याच नदीत येणारे पाणी आणि खाडीची भरती यांचा परस्परसंबंध उलगडणे म्हणजेच भूगोल. चं. धुं. देशपांडे यांनी १९७१ साली नॅशनल बुक ट्रस्टसाठी महाराष्ट्राचा भूगोल लिहिला, तो प्रदेशाला असेच एकसंध पाहणाऱ्या परंपरेतून.

जीआयएसचेही तेच. कळ दाबली की रंगीत नकाशा उमटतो. परंतु पूररेषा आखली जाते तेव्हा तिच्या आत कुणाचे घर, कुणाचे दुकान येते यावर कुटुंबाचे आयुष्य टांगलेले असते. ती रेषा आखणाऱ्याने भरतीच्या वेळी गोवळकोटच्या धक्क्यावर उभे राहून पाणी पाहिलेले असले पाहिजे. असे काम जाणणारा माणूस जिल्हा प्रशासनाला हवा आहे आणि नोकरी त्या तरुणालाही हवी आहे. मग पदवीच्या शेवटच्या वर्षी प्रत्येक विद्यार्थ्याकडे एक ओढा किंवा एक वाडी सोपवावी; विहिरींची पातळी त्याने ज्येष्ठापर्यंत मोजावी, आणि गुण त्या नोंदवहीला द्यावेत.