पाहुणचाराचे पासबुक

‘उतरणे’ हे आपल्या भाषेतले फार सोयीचे क्रियापद आहे. ‘नाशिकला कुणाकडे उतरलात?’ असा प्रश्न पूर्वी सर्रास विचारला जाई आणि त्याचे उत्तर एखादी मावशी, चुलत दीर किंवा वडिलांचे शाळासोबती असे काहीतरी असे. पाहुण्याने पेढ्यांचा पुडा न्यायचा, निघताना घरातल्या पोरांच्या हातावर नोट ठेवायची, ‘कशाला, कशाला’ म्हणत ती घेतली जायची आणि हिशेब मिटायचा. मिटायचा म्हणजे काय, पुढच्या मे महिन्यात तेच यजमान सहकुटुंब आपल्याकडे उतरायचे!

आता ‘होमस्टे’ हा शब्द मराठीत चांगला रुळला आहे. अनोळखी माणसाच्या घरी राहायचे, त्यांच्या चुलीवरचे खायचे, त्यांचे शेत पाहायचे आणि निघताना रीतसर पैसे मोजायचे. माझ्या पिढीतल्या अनेकांना हे खटकते. परवाच एक स्नेही म्हणाले, “पाहुणचार विकायला काढला म्हणजे मग उरले काय?” प्रश्न वाजवी आहे. मात्र त्याचे जे उत्तर त्यांना अपेक्षित होते, ते मला मान्य नाही. पाहुणचाराला दर लागला म्हणून तो हलका होत नाही. तो पैसा कुणाच्या हातात पडतो आणि त्यातून काय टिकते, यावर त्याची योग्यता ठरते, असे मला वाटते. हे वाटण्यामागे कॉफीच्या एका शेतावर काढलेले चार दिवस आहेत.

संक्रांतीच्या सुमारास आम्ही दोघे कर्नाटकात चिकमगळूर जिल्ह्यातल्या मुडिगेरे तालुक्यात गेलो होतो. कडूरपर्यंत रेल्वे, पुढे बसने घाटवाटा. मुडिगेरे हे नाव मला ठाऊक होते ते कन्नड लेखक पूर्णचंद्र तेजस्वी यांच्यामुळे. कुवेंपूंचे हे चिरंजीव शहर सोडून इथे कॉफी पिकवत राहिले आणि 2007 साली त्यांचे निधन होईपर्यंत इथेच लिहीत राहिले. शेतात राबून लिहिणाऱ्या लेखकाबद्दल आमच्यासारख्या टेबलावर बसून लिहिणाऱ्यांना थोडा मत्सर असतोच.

आम्ही ज्या घरी उतरलो ते बारा एकरांचे शेत असलेले कुटुंब. यजमान पंचावन्नच्या आसपासचे, त्यांची पत्नी आणि म्हातारी आई. मुलगा बंगळुरूला नोकरीत. नोकरीची काही वर्षे मी निपाणीच्या शाखेत काढली असल्याने मोडके का होईना, कन्नड येते. यजमानीणबाईंना मी ‘अक्का’ म्हणू लागलो. आमच्या सौभाग्यवतींनी तिळगुळाचा डबा पुढे केला, तर त्यांनी आतून तीळ, गूळ, खोबरे आणि शेंगदाणे घातलेला एळ्ळु-बेल्लचा वाडगा आणला. दोन बायका एकमेकींच्या हातावर एकच सण ठेवत होत्या, पण एकीची भाषा दुसरीला कळत नव्हती!

दुसऱ्या दिवशी सकाळी यजमान कोयता घेऊन निघाले आणि आम्ही त्यांच्या मागे. कॉफीच्या बागेत शिरल्यावर पहिल्यांदा कॉफी दिसतच नाही. दिसते ते रान. वर सिल्व्हर ओक, फणस, पांगारा अशी उंच झाडे, त्यांच्या बुंध्यांवर चढलेले मिरीचे वेल आणि त्या सगळ्याच्या सावलीत पुरुषभर उंचीची छाटून ठेवलेली कॉफीची झुडपे. आपल्या देशातली कॉफी बहुतांशी अशी सावलीत वाढते. ही सावली हौसेची नव्हे. अरेबिका जातीच्या कॉफीला खोड पोखरणारी एक अळी लागते आणि उघड्या उन्हातल्या झाडांवर तिचा जोर अधिक असतो. कुठली फांदी ठेवायची, कुठली उडवायची, हे यजमान मान वर करून ठरवत होते. अर्धी शेती जमिनीकडे पाहून करायची आणि अर्धी आभाळाकडे पाहून, असा तो प्रकार.

झुडपांवर लाल फळे लगडली होती. अरेबिकाची तोडणी संपत आलेली, रोबस्टाची सुरू होत असलेली. सगळी फळे एकदम पिकत नाहीत, म्हणून त्याच झाडाकडे पुन्हा पुन्हा यावे लागते आणि पिकलेले तेवढे हाताने खुडावे लागते. मग ती फळे यंत्रात घालून साल काढायची, बियांवरचा चिकट थर आंबवून धुवायचा आणि खळ्यावर आठवडाभर वाळवायचे. किंवा सालासकट वाळवायची असली तर आणखी काही दिवस. या दिवसांत आभाळ भरून आले की घरातल्या माणसांच्या जिवाला घोर. जानेवारी 2021 मध्ये असाच अवकाळी पाऊस या भागात पडला आणि पिकलेली फळे झाडावरून गळाली, खळ्यावरची भिजली. आणि गंमत अशी की हाच पाऊस फेब्रुवारी-मार्चमध्ये नेमका आला तर तो देवासारखा! त्या सरीनंतर आठ-दहा दिवसांत सगळी बाग जाईजुईसारख्या पांढऱ्या सुवासिक फुलांनी भरून जाते आणि पुढच्या वर्षाचे पीक त्या दिवसांवर ठरते.

माझ्यातला बँकवाला निवृत्त झाला असला तरी मेलेला नाही. रात्री जेवणानंतर मी हिशेबावर आलो. पाच-सहा किलो पिकलेल्या फळांतून विकण्याजोगी एक किलो बी निघते आणि भाजताना तिचेही वजन पाच-सहा हिश्श्यांतला एक हिस्सा घटते. पुण्या-मुंबईच्या गारेगार दुकानात आपण अडीचशे रुपयांना जो कप घेतो, त्यात पंधरा-वीस ग्रॅम पूड असते. शेतकऱ्याला किलोमागे पाचशे रुपये मिळाले असे धरून चाला. तरी त्या कपातले त्याचे फार तर दहा-बारा रुपये. बाकीचे जागेचे भाडे, पगार, दूध, वीज आणि त्या थंडगार खुर्चीचे.

बरे, तो भाव तरी त्याच्या हातचा आहे का? 1942 च्या कायद्याने उभ्या राहिलेल्या कॉफी बोर्डाकडे अनेक वर्षे सगळी कॉफी जमा करावी लागे आणि पैसे हप्त्याहप्त्याने मिळत. 1995-96 पर्यंत हे बंधन टप्प्याटप्प्याने सुटले आणि शेतकरी आपला माल आपण विकू लागला. 1994 साली ब्राझीलमध्ये कडाक्याची थंडी पडून तिथली झाडे करपली होती, त्यामुळे जगात भाव चढलेले. ज्या देशाचे नाव फक्त फुटबॉलसाठी ठाऊक, तिथल्या हिमाने इथल्या अंगणात मोटारी आल्या! पण निर्यातीच्या कोट्यांचा आंतरराष्ट्रीय करार 1989 मध्येच मोडलेला होता, व्हिएतनामने भरमसाट लागवड केली आणि 2001-02 च्या सुमारास भाव असे कोसळले की तोडणीची मजुरीही सुटेना. “त्या वर्षी फळे झाडावर तशीच सोडावीत असं वाटलं,” यजमान म्हणाले. कर्ज मात्र झाडावर सोडता येत नाही. अशा कर्जदाराच्या समोरच्या खुर्चीवर मी आयुष्यभर बसलो आहे. निपाणीत पीक तंबाखूचे होते, एवढाच फरक.

कूर्ग आणि चिकमगळूरकडे घरातल्या खोल्या पाहुण्यांना देण्याची पद्धत फोफावली ती त्यानंतरच्या वर्षांत. आमच्या यजमानांनीही तेव्हाच कॉफीची पोती ठेवायच्या दोन खोल्या साफ केल्या, एकीला न्हाणीघर जोडले आणि पाटी लावली. म्हणजे आपण ज्याला ‘पाहुणचाराचा बाजार’ म्हणून नाके मुरडतो, तो अनेक घरांत जमीन न विकण्याचा उपाय म्हणून सुरू झाला आहे. 2024-25 मध्ये कॉफीचे भाव विक्रमी चढले. मग आता खोल्या कशाला, असे मी विचारलेही. यजमान हसले. चढलेला भाव पाहून हुरळून जाणारा माणूस त्या घरात उरलेला नाही.

परंतु मला खरी महत्त्वाची वाटली ती एक वेगळीच नोंद. खोल्यांचे पैसे कुठे जमा होतात, असे मी विचारले. अक्का आत गेल्या आणि पासबुक घेऊन आल्या. खाते एकट्या त्यांच्या नावावर.

यातले मर्म शेतकरी घरातल्या वाचकांना वेगळे सांगायला नको. जमीन सासऱ्यांच्या नावावरून नवऱ्याच्या नावावर आलेली. तिकडे सातबाऱ्याला ‘पहाणी’ म्हणतात. तिच्यावर बाईचे नाव नाही, म्हणून पीककर्ज तिच्या नावे नाही आणि कॉफीच्या विक्रीची रक्कमही नाही. तीस वर्षे खळ्यावर कॉफी उलटीपालटी करणारी, तोडणीच्या दिवसांत वीस माणसांचा चहा करणारी ही बाई कागदोपत्री कुठेच नव्हती. पहाटे पाचला उठून ती तांदळाच्या पिठाच्या अक्की रोट्ट्या थापते, गुळाची कोरी कॉफी उकळते, चादरी धुते. हे सगळे ती आधीही करत होती. नवऱ्याचे मित्र, दिराचे साहेब, सगळ्यांसाठी करत होती, आणि गावात नाव होत होते ते घरमालकाच्या पाहुणचाराचे! त्या कष्टांना पहिल्यांदा आकडा लागला तो खोल्यांमुळे. न्हाणीघर त्या पैशांतून झाले, सासूबाईंच्या डोळ्यांचे ऑपरेशन त्यातूनच झाले.

माझ्या स्नेह्यांना मला हेच सांगायचे आहे. जुना पाहुणचार फुकट नव्हता. त्याची किंमत आपल्या आया, काकू आणि आत्या चुकवत होत्या, आणि ती कुणी खात्यावर मांडत नव्हते, इतकेच.

याचा अर्थ खोल्या जितक्या वाढतील तितके बरे, असा नव्हे. बंगळुरूच्या मुलाची वेगळी योजना आहे. वरच्या उतारावरची झाडे तोडून दरी दिसेल अशी काचेच्या भिंतींची दहा कॉटेजे आणि पोहण्याचा तलाव. आकडे त्याने नीट मांडले आहेत आणि बँक कर्जही देईल. मीही कदाचित दिले असते. पण झाडे गेली की सावली गेली, सावली गेली की अरेबिका धोक्यात, आणि मिरीचे वेल काय काचेवर चढणार? अक्कांचे म्हणणे आणखी सरळ होते. “दोन खोल्या मी सांभाळते. दहा खोल्यांना मॅनेजर लागेल. मग मी कोण?” केंद्र सरकारच्या होमस्टे योजनेतही खोल्यांना सहाची मर्यादा आहे आणि मालकाने तिथे राहिले पाहिजे, अशी अट आहे. ही अट मला फार शहाणपणाची वाटते. मालक राहत नाही ते हॉटेल. हॉटेलात वाईट काही नाही, फक्त त्याला घर म्हणू नये.

एक गोष्ट मात्र या पासबुकातही बसत नाही. फळे खुडणाऱ्या बायका संध्याकाळी वजनकाट्यापाशी पोती घेऊन रांगेत उभ्या राहिल्या, तेव्हा आमच्याबरोबरचे दोन-तीन तरुण पाहुणे त्यांचे फोटो काढू लागले. त्यांतल्या काही जणी पार आसाम, झारखंडकडून आलेल्या. त्यांची वस्ती म्हणजे एका ओळीतली घरे, तिकडच्या बोलीत ‘लाइन’. शेतफेरीत पाहुण्यांना तिकडे नेत नाहीत आणि खोल्यांचे पैसेही तिकडे पोचत नाहीत. चांगल्या यजमानाच्या शेतावरही हे असेच आहे. निदान विचारल्याशिवाय त्यांच्यावर कॅमेरा रोखू नये, एवढे सौजन्य तर आपल्या हातात आहे. आणि ‘मजुरांना काय मिळते?’ हे यजमानाला नम्रपणे विचारायलाही हरकत नसावी. पाहुणे विचारू लागले की उत्तरे हळूहळू बदलतात.

हा विषय आपल्यापासून दूरचा नाही. कॉफीची झाडे आपल्या चिखलदऱ्यातही आहेत, आणि कॉफी नसली तरी कोकणातल्या नारळी-पोफळीच्या वाड्यांत, जुन्नरच्या द्राक्षमळ्यांत, महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीच्या वाफ्यांशेजारी अशा खोल्या निघाल्या आहेत. राज्य सरकारने 2020 मध्ये कृषी पर्यटनाचे धोरणही आणले. तेव्हा येत्या सुट्टीत आपण कुणाकडे ‘उतरणार’ असू, तर काही साध्या गोष्टी पाळाव्यात. दर ठरला की घासाघीस करू नये; घासून कमी केलेले दोनशे रुपये बहुधा स्वयंपाकघरातून वजा होतात. त्या घरात शिजते ते खावे. अक्की रोट्टीच्या घरी जाऊन पनीर मागणारे आणि न मिळाल्यास मोबाइलवर एक तारा कमी देणारे पाहुणे मी पाहिले आहेत. निघताना शेतावरची वस्तू शेतावरच विकत घ्यावी. बाजारातल्या मिश्र पुडीत 49 टक्क्यांपर्यंत चिकोरी चालते. अक्कांच्या पुडीत नुसती कॉफी असते आणि तिचे पैसे मधल्या कुणाकडे न थांबता घरात जातात.

आणि खोली ठरवताना गरम पाणी आहे का, मोबाइलला रेंज आहे का, हे आपण विचारतोच. त्याबरोबर आणखी दोन प्रश्न विचारावेत. घरची माणसे तिथे राहतात का, आणि पैसे कुणाच्या खात्यावर पाठवायचे? दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात घरातल्या बाईचे नाव आले, तर निर्धास्तपणे जावे. पेढ्यांचा पुडा तरीही न्यावा. तो रिवाज मोडायचे काही कारण नाही.