पहिल्या डावाची आघाडी

रणजी करंडकाच्या बाद फेऱ्या जवळ आल्या म्हणजे नागपुरांत भाकितांस ऊत येतो. मधल्या सुटींत पटांगणावर, घरीं जेवणाच्या पानावर, रस्त्याच्या कोपऱ्यावर जो तो ज्योतिषी होऊन बसतो. आम्हीही या वेडापासून अलिप्त नाहीं, हें आरंभींच कबूल केलेलें बरें. आमचीं बहुतेक भाकितें खोटीं ठरलीं. आणि खरें सांगावयाचें तर तीं जेव्हां खोटीं ठरलीं तेव्हांच खेळाचें सुख आम्हांस पुरेपूर लाभलें.

डिसेंबर २०१७ मधील कलकत्त्याचा उपांत्य सामना घ्या. विदर्भाचा संघ या स्पर्धेंत १९५७-५८ च्या मोसमांत प्रथम उतरला. त्यास साठ वर्षें होत आलीं, तरी अंतिम सामन्याचें दर्शन कांहीं त्यास घडलें नव्हतें. ईडन गार्डन्सवर विदर्भाचा पहिला डाव १८५ धावांत आटोपला व कर्नाटकानें ३०१ धावा केल्या. एकशें सोळा धावांची पिछाडी! 'झालें, आतां सामान बांधा,' असें आम्हीं तत्काळ बोलून मोकळे झालों. परंतु विदर्भानें दुसऱ्या डावांत ३१३ धावा जमविल्या, कर्नाटकापुढें १९८ धावांचें लक्ष्य ठेविलें, आणि रजनीश गुरबाणीनें सात गडी टिपून त्यांचा डाव १९२ धावांवर संपविला. विजय अवघ्या पांच धावांचा! पुढें इंदूर येथें दिल्लीस नमवून १ जानेवारी २०१८ रोजीं फैज फजलच्या संघानें पहिला करंडक जिंकला.

आतां वाचकांनीं एवढाच विचार करावा. तो कलकत्त्याचा सामना वेळेअभावीं अनिर्णित राहता, तर पहिल्या डावांत आघाडी घेणाऱ्या संघास विजयी मानावें या नियमानें कर्नाटकच पुढें गेलें असतें. मार्च २०२४ मध्यें मध्य प्रदेशाविरुद्धही तसेंच घडतें. तेथें ८२ धावांची पिछाडी भरून काढून विदर्भानें ६२ धावांनीं सामना जिंकला. आमच्या संघाचें शौर्य बहुधा दुसऱ्या डावांतच जागें होतें, असें म्हटल्यास फारशी अतिशयोक्ति होणार नाहीं.

आणि तरीही २०२५ चा तिसरा करंडक आम्हांस मिळाला तो याच नियमाच्या कृपेनें. केरळचा संघ तेव्हां आयुष्यांत प्रथमच अंतिम सामन्यास आला होता, आणि आला तोही कसा? जम्मू-काश्मीरवर पहिल्या डावांत एका धावेची आघाडी, गुजरातवर दोन धावांची! गुजरातचा शेवटचा फटका जवळ उभ्या असलेल्या क्षेत्ररक्षकाच्या हेल्मेटवर आदळून उडाला व सचिन बेबीच्या हातांत विसावला. त्या एका उसळीनें केरळास जामठ्याची वाट दाखविली. असें भाकीत कोणता ज्योतिषी करील?

जामठ्यास २४ धावांत विदर्भाचे तीन गडी गेले, तेव्हां नागपूरच्या दानिश मालेवारनें १५३ व करुण नायरनें ८६ धावा करून डाव सांवरला. विदर्भाच्या ३७९ धावा झाल्या. केरळकडून ७९ धावांची झुंज दिली ती आदित्य सरवटेनें. हा आपल्याच नागपूरचा मुलगा. २०१८-१९ च्या अंतिम सामन्यांत याच मैदानावर सौराष्ट्राचे अकरा गडी बाद करून त्यानें विदर्भास दुसरा करंडक मिळवून दिला होता! त्याच्या फटक्यांना टाळ्या द्याव्यात कीं हळहळावें, हें आम्हांस कळेना. शेवटीं सचिन बेबी ९८ धावांवर झेल देऊन परतला, केरळचा डाव ३४२ धावांवर संपला, आणि सदतीस धावांनीं करंडकाचा निकाल लागल्यासारखाच झाला. पांचव्या दिवशीं विदर्भ फलंदाजी करीतच राहिला. ९ बाद ३७५ धावा, एकूण आघाडी ४१२, आणि उभय संघांनीं हस्तांदोलन केलें.

आम्हीं आनंद केला, पेढेही वांटले. कर्णधार अक्षय वाडकर यास आम्ही दोष देत नाहीं. नियम जें देतो तें घेण्यांत पाप नाहीं. पण केरळास चौथा डाव खेळावयास बोलावलें असतें, आणि त्या मोसमांत ६९ गडी बाद करून विक्रम करणाऱ्या हर्ष दुबेनें शेवटचा गडी टिपला असता, तर त्या पेढ्यांची गोडी कांहीं निराळीच असती.

कोणी म्हणेल, अनिर्णित सामन्याचा निकाल लावण्यास कांहीं तरी नियम हवाच. हवा खरा, साखळी सामन्यांत तो खुशाल असो. अंतिम सामन्यास मात्र निकाल लागेपर्यंत वेळ द्यावा, असें आमचें मत आहे. ही कल्पना नवी नव्हे. १९४४-४५ चा मुंबई व होळकर यांचा अंतिम सामना वेळेच्या मर्यादेवांचून खेळला गेला. मुंबईनें ४६२ व ७६४ धावा केल्या. होळकर संघ ८६७ धावांच्या अशक्य लक्ष्याचा पाठलाग करीत ४९२ पर्यंत पोंचला. त्या संघाचे कर्णधार होते सी. के. नायडू, याच नागपुरांत १८९५ मध्यें जन्मलेले. सामना ते हरले, पण शेवटच्या गड्यापर्यंत खेळून हरले. खेळाडू दमतात, वेळापत्रक भरगच्च असतें, हें आम्हांस ठाऊक आहे. तरी वर्षांतून एका सामन्यासाठीं दोन दिवस काढतां येऊं नयेत काय?

राहतां राहिलें आमचें भाकीत. विदर्भ पुन्हां बाद फेरींत उतरेल तेव्हां खरी गांठ मुंबईशींच पडेल. २०२४ च्या अंतिम सामन्यांत वानखेडेवर मुंबईनें १६९ धावांनीं जिंकलें, पुढच्या वर्षीं उपांत्य सामन्यांत नागपुरास विदर्भानें ८० धावांनीं. आणि दोन्ही वेळां निकाल लागला तो चौथ्या डावांत. करुण नायर पुढें कर्नाटकाकडे परतला, त्याची उणीव वानखेडेवर भासेल. सामना जामठ्यास असला तर मात्र विदर्भ जिंकेल, तोही पहिल्या डावांत मागें पडून! हें चुकलें तर वर्गांतलीं मुलें आम्हांस महिनाभर सोडणार नाहींत, याची आम्हांस पूर्ण जाणीव आहे.