प्रौढांच्या हाती कोणते इंग्रजी पुस्तक द्यावे?

सुगी आटोपली की आमच्या बेळगाव भागात प्रौढांसाठी इंग्रजीचे रात्रवर्ग निघतात. कोणास आखाती देशात मोटारचालकाची नोकरी हवी असते, कोणास शहरातील रुग्णालयात काम. एखाद्या मातेस मुलाच्या शाळेतून आलेली चिठ्ठी स्वतः वाचावयाची असते. वर्ग उघडताच पुस्तकाचा प्रश्न येतो आणि घरात असेल ते, बहुधा मुलांचे पहिलीचे पुस्तक, पुढे केले जाते. आम्हीही एकदा हेच केले. चाळीस वर्षांच्या गृहस्थाने मांजर व चेंडू यांविषयी चारचौघांत मोठ्याने वाचावे, हे त्यास किती लाजिरवाणे वाटत असेल, याचा विचार आम्हांस शिवला नाही. आरंभी अठरा जण होते, महिनाअखेर पाच उरले. दोष मात्र आम्ही त्यांच्या आळसाला दिला!

पुस्तक पारखण्याची कसोटी आम्हांस पुढे मायकेल वेस्ट यांच्या लेखनात सापडली. हे इंग्रज शिक्षणतज्ज्ञ बंगालात, ढाक्यास, शिक्षणखात्यात होते. पुष्कळ विद्यार्थी शिक्षण अर्ध्यावरच सोडतात, हे ओळखून त्यांनी १९२६ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात विम्याच्या व्यवहारातील एक कल्पना शिक्षणास लावली. विम्याचे हप्ते मध्येच थांबले तरी काही रक्कम हाती येते. तद्वत मध्येच शिक्षण सोडणाऱ्याच्या पदरी काय पडते, असा त्यांचा प्रश्न.

प्रौढांना तो अधिकच लागू पडतो. पेरणी आली, घरी आजारपण आले, की वर्ग सुटतो. रेन व मार्टिन यांचे व्याकरण भक्कम खरे. पण त्यात आरंभी वाक्य, उद्देश्य, विधेय, मग नामांचे प्रकार. विसाव्या दिवशी वर्ग सोडणाऱ्यास सामान्यनाम कळेल, पण गाडी कोणत्या फलाटावर लागते हे विचारता येणार नाही. ते पुस्तक शिक्षकाच्या मेजावर शोभते. तर्खडकरांची भाषांतर पाठमाला एकट्याने अभ्यास करणाऱ्यास चांगली सोबत करते. परंतु भाषांतराने जीभ सुटत नाही, आणि आमच्या वर्गात कन्नड भाषिकही बसतात, त्यांचे काय?

आणखी एक साधी परीक्षा आहे. याच वेस्ट यांनी १९५३ साली सुमारे २,००० नित्योपयोगी शब्दांची यादी प्रसिद्ध केली. पुस्तकाचा पाचवा पाठ उघडावा व नवे शब्द मोजावेत. ते तीसचाळीस असतील आणि पुढील पाठांत पुन्हा भेटत नसतील, तर पुस्तक दुकानातच ठेवावे.

निवडलेले पुस्तकही पहिल्या पानापासून क्रमानेच शिकविले पाहिजे असे नाही. चालकांना रस्ता व दिशा यांचा पाठ आधी द्यावा, रुग्णालयात जाणाऱ्यांना शरीराच्या अवयवांचा. पाठात लंडनचे स्थानक असेल तेथे खुशाल बेळगावचे घालावे.

यंदा आम्ही पुस्तक दुसऱ्या आठवड्यात दिले. तत्पूर्वी प्रत्येकास घरातील एक इंग्रजी कागद आणावयास सांगितले होते. कोणी औषधाचे वेष्टन आणले, कोणी बँकेचे पत्र. एका तरुणाने परदेशातील नोकरीचे करारपत्र आणले. त्यावर त्याची सही होऊन चुकली होती. दोन वर्षे पुरी होण्याआधी परतल्यास विमानभाडे स्वतःचे, हे कलम त्याने त्या रात्री प्रथमच वाचले. पाठ तेवढाच झाला. घरी जाण्यास कोणी उठेना.