तटस्थ काच आणि आंबेनळीचे पाणी

पावसाळा सरता सरता मराठी छायाचित्र-प्रदर्शनांत आणि दिनदर्शिकांच्या जुलै-ऑगस्टच्या पानांवर एक धबधबा हमखास अवतरतो. खडक काळेभोर, शेवाळ हिरवेगार आणि मधोमध पाणी म्हणून एक पांढरे, मऊ, तलम वस्त्र. हा धबधबा ठोसेघरचा, आंबोलीचा की आंबेनळीचा हे खाली लिहिल्यावाचून कळत नाही. आणि बहुधा ते लिहिलेले नसते. आमचा आक्षेप या वस्त्राला आहे. पण आक्षेप घेण्याआधी ते विणले कसे जाते हे समजून घेणे न्यायाचे ठरेल; साहित्याच्या अभ्यासकांना तर ते विशेष उपयोगाचे आहे.

भिंगापुढे एक करडी काच बसवतात. तिला ‘न्यूट्रल डेन्सिटी’ फिल्टर म्हणतात. सर्व रंगांचा प्रकाश सारख्या प्रमाणात कमी करणे एवढेच तिचे काम, म्हणून ती ‘न्यूट्रल’, म्हणजे तटस्थ. (प्रत्यक्षात स्वस्त काचा चित्रावर तांबूस किंवा निळसर झाक सोडतात, पण ते असो.) आंबेनळीत ढगाळ दुपारी, भिंगाचे छिद्र एफ ११ आणि संवेदनक्षमता १०० ठेवली, तर साधारण १/३० सेकंदाचे उद्भासन पुरते. तीन स्टॉपची काच लावली की तेच पाव सेकंद होते, सहा स्टॉपची लावली की दोन सेकंद, आणि दहा स्टॉपची, म्हणजे प्रकाशाचा सुमारे हजारावा भागच आत सोडणारी लावली की चौतीस सेकंद. पाव सेकंदात पाण्याचे धागे सुटे दिसतात, दोन सेकंदांत ते एकमेकांत मिसळू लागतात, चौतीस सेकंदांत उरतो तो पिंजलेला कापूस. काच रंगांबाबत तटस्थ आहे हे आम्हांस मान्य. काळाबाबत ती मुळीच तटस्थ नाही. जे स्थिर त्याची बाजू ती घेते आणि जे हलते त्याला पुसून टाकते.

गंमत अशी की या कलेच्या आरंभी हे पुसणे ही नामुष्की होती. १८३८ च्या सुमारास दागेरने पॅरिसच्या एका वर्दळीच्या रस्त्याचे चित्र घेतले. उद्भासनाला काही मिनिटे लागली, त्यामुळे गाड्या, घोडे, पादचारी सारे नाहीसे झाले. उरला तो बूट पॉलिश करून घेण्यासाठी एका जागी उभा राहिलेला एक माणूस. छायाचित्रात प्रथमच दिसलेला माणूस म्हणून तो पुढे प्रसिद्ध झाला, पण दिसला तो केवळ थांबला म्हणून. १८५६-५७ मध्ये गुस्ताव्ह ल ग्रे याने समुद्राची लाट चित्रात थोपवून धरली तेव्हा लोक चकित झाले. लाट थांबवण्यासाठी ज्या कलेने इतका आटापिटा केला, तिचे आजचे उपासक पदरचे पैसे घालून काच विकत घेतात आणि लाटेचे पुन्हा धुके करतात. ज्याला एकेकाळी उणीव म्हणत तिचीच पुढे शैली होते, हे वाङ्मयाच्या इतिहासातही वारंवार घडलेले आहे. त्यात गैर काही नाही. मात्र नाइलाज होता तेव्हा जबाबदारी कोणाची नव्हती. आता निवड आहे, तेव्हा निवडीचा अर्थ विचारावाच लागतो.

हा अर्थ आम्हांस व्याकरणाच्या परिभाषेत अधिक नेमका सापडतो. ‘दरड कोसळली’ हा साधा भूतकाळ. ‘पाणी कोसळत असे’ हा रीतिभूतकाळ. पहिल्यात एक घटना आहे, तिला दिवस आहे, वेळ आहे, कोणी तरी साक्षी आहे. दुसऱ्यात घटना नाही, केवळ रीत आहे. चौतीस सेकंदांचा धबधबा हा रीतिभूतकाळातला धबधबा होय. त्यात पाणी पडत नाही. ते पडत असते, पूर्वीही पडत असे आणि पुढेही पडत राहील. गतकातर ललित गद्यात कोकणचे जे वर्णन येते, ते पुष्कळदा याच काळात लिहिलेले असते: पाऊस येई, ओहोळ भरून वाहत, आजी चुलीपुढे बसलेली असे. अशा गद्यात दरड कोसळू शकत नाही, कारण कोसळण्यासाठी लागणारे क्रियापदाचे रूपच तिथे उपलब्ध नसते.

आणि आंबेनळीत दरड कोसळते. पोलादपूर सोडून महाबळेश्वराकडे चढू लागले की हा घाट लागतो. वर प्रतापगडाची वाट फुटते. महाबळेश्वरी उगम पावलेली सावित्री याच मुलुखातून पोलादपूर, महाड करीत बाणकोटच्या खाडीला मिळते. वर वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तो सारा या उतारांवरून खाली येतो. २००५ च्या जुलैत महाड तालुक्यात जुई आणि दासगाव येथे डोंगर घरांवर आले. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल पुरात गेला आणि त्याबरोबर एसटीच्या दोन गाड्या प्रवाशांसह वाहून गेल्या. २८ जुलै २०१८ रोजी याच आंबेनळी घाटात दापोलीच्या कृषी विद्यापीठातील कर्मचाऱ्यांची बस दरीत कोसळून तीस जण मृत्युमुखी पडले. २२ जुलै २०२१ रोजी तळिये गावावर कडा आला. ऐंशीहून अधिक माणसे गेली. त्याच दिवसांत पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडी येथेही दरडी पडल्या, आणि आंबेनळीचा रस्ता जागोजाग तुटून वाहतुकीस बंद झाला.

या मुलुखात पाण्याला साधा भूतकाळ आहे, आणि त्याच्या तारखा लोकांना तोंडपाठ आहेत.

आम्ही स्वतः या मोहातून सुटलेले नाही, हे येथे कबूल करणे भाग आहे. गेल्या पावसाळ्यात घाटातील एका वळणावर, मोरीवरून रस्त्याकडे झेपावणाऱ्या एका ओहोळासमोर आम्ही तिपाई मांडून बसलो होतो. दहा स्टॉपची काच लावलेली, छत्री भिंगावर धरलेली, तोंडाने सेकंद मोजणे चालू. तेवढ्यात प्लास्टिकची खोळ घेतलेले एक वयस्कर गृहस्थ दोन म्हशी हाकीत चौकटीतून आरपार निघून गेले. मोजणी संपल्यावर ते मागे वळून आले आणि त्यांनी विचारले, “आमी आलो का त्यात?”

आम्ही पडदा दाखवला. ओहोळ होता, मोरी होती, ओला रस्ता होता. ते नव्हते. मागची म्हैस क्षणभर थबकली होती, तिची मात्र एक धूसर सावली कठड्यापाशी उरली होती. त्यांनी चित्र बराच वेळ न्याहाळले. “म्हस दिसती,” ते म्हणाले, आणि हसले. आम्हांस हसता आले नाही.

आमच्या एका छायाचित्रकार स्नेह्यांना हा प्रसंग सांगितला तेव्हा त्यांनी प्रतिवाद केला, आणि तो हलका नाही. ते म्हणाले, १/१००० सेकंदात टिपलेले थेंबही डोळ्यांना कधी दिसत नाहीत. हवेत टांगलेले काचमणी तरी कुठले खरे? शिवाय दीर्घ उद्भासनात खडक आणि पाणी यांचा विरोध अधिकच उठून दिसतो. हे ऐकून आम्हांस मर्ढेकरांची आठवण झाली. ‘सौंदर्य आणि साहित्य’मध्ये त्यांनी संवाद, विरोध आणि समतोल अशी लयीची तीन तत्त्वे मांडली आहेत, आणि स्नेही विरोधलयीचा दाखला देत होते. पण तो विरोध पोताचा आहे, खरखरीत आणि मऊ यांचा. खडक झिजवणारे, मोरी उखडणारे, रस्ता नेणारे पाणी आणि त्याला अडवणारा खडक हा जो खरा विरोध, तो कापूस झाल्यावर उरत नाही. दोन्ही टोके डोळ्यांना अदृश्य असतात हे खरेच. म्हणून तर काळाची निवड करताना कारण असावे लागते. हिरोशी सुगिमोटो चित्रपटगृहात बसून संपूर्ण चित्रपटभर झडप उघडी ठेवतो आणि पडद्यावर केवळ पांढरा आयत उरतो, तेव्हा हजारो घटना पुसल्या जाणे हाच त्या चित्राचा विषय असतो. आमच्या दिनदर्शिकांतले धबधबे पुसतात, पण आपण काही पुसले आहे याचा त्यांना पत्ताच नसतो.

कथनशास्त्र शिकवणाऱ्या प्राध्यापकांना एक सुचवावेसे वाटते. जेनेतच्या ‘दृश्य’ आणि ‘सारांश’ या संज्ञा फळ्यावर लिहिण्याआधी एकाच ओहोळाची तीन चित्रे वर्गात दाखवावीत: १/५०० सेकंदाचे, पाव सेकंदाचे आणि अर्ध्या मिनिटाचे. मग विचारावे, यांतल्या कोणत्या चित्रात माणूस राहू शकेल?

त्या दिवशी आम्ही काच उतरवली. गृहस्थांना म्हशींसह मोरीपाशी उभे केले आणि पाव सेकंद नव्हे, सरळ १/६० सेकंदावर चित्र घेतले. भिंगावर पावसाचे दोन थेंब होते, ते वरच्या कोपऱ्यात डागासारखे आले आहेत. पाणी काहीसे मळकट दिसते, कारण ते मळकटच होते. वरच्या अंगाला माती सुटली होती. कठड्याच्या नव्या दगडांचा रंग जुन्या दगडांहून वेगळा आहे, तोही दिसतो. छापून घेतलेली प्रत पुढच्या खेपेस आम्ही त्यांना नेऊन दिली. मागे घाटाचे नाव आणि तारीख लिहिली होती. त्यांनी आधी म्हशी मोजल्या.