घाट बघायचा की नुसता गाठायचा?

पावसाने जोर धरला की आपल्या सातारा जिल्ह्यातून घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यांवर शनिवार-रविवारी गाड्यांची रीघ लागते. कोणी पसरणीचा घाट चढून पाचगणी-महाबळेश्वरला जातो, कोणी मेढ्यावरून केळघरच्या घाटाने. कोणी ठोसेघरचा धबधबा पाहायला निघतो, तर कऱ्हाड-पाटणकडची मंडळी कोयनानगर, नवजा करून कुंभार्ली घाटातून चिपळूणपर्यंत धडक मारून येतात. पाऊस ओसरला की कास पठारावरच्या फुलांची गर्दी. माण-खटावच्या उघड्या माळावर ज्यांचे आयुष्य गेले, त्यांना तर हे धुके आणि हा हिरवागार डोंगर म्हणजे डोळ्यांचे पारणेच.

या सहलींना डॉक्टर म्हणून माझा अजिबात विरोध नाही. उलट मी अनेक रुग्णांना सांगतो, वर्षातून दोनदा तरी घराबाहेर पडा. रोजच्या धबडग्यातून सुटका होते, हिरवाई पाहून मन निवते, घरातली माणसे एकमेकांशी चार शब्द बोलतात. गोळ्यांनी न येणारी झोप कधी कधी अशा एका दिवसाने येते. पण सोमवारी सकाळी दवाखान्याच्या बाकावर जी मंडळी बसलेली असतात, ती पाहिली की वाटते, ही सहल झाली की शिक्षा? उलट्यांनी पिवळे पडलेले पोर, लघवीच्या जळजळीने हैराण झालेल्या वहिनी, जुलाब लागलेले काका, पाय मुरगळलेला कॉलेजकुमार. आणि हे झाले घरी परत आलेल्यांचे. काही जण परत येतच नाहीत.

दोष घाटाचा की घाईचा?

दि. २८ जुलै २०१८ हा दिवस कोकणातले आणि आपल्याकडचे लोक विसरलेले नाहीत. दापोलीच्या कृषी विद्यापीठातील कर्मचाऱ्यांची बस महाबळेश्वरच्या सहलीला येताना आंबेनळी घाटात दरीत कोसळली. बसमधला केवळ एक जण वाचला. पुढे जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत हाच रस्ता ठिकठिकाणी खचला. त्याच पावसात पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव येथे दरडी कोसळून घरे गाडली गेली. सह्याद्रीचा पाऊस हा असा आहे. त्याच्याशी मस्ती चालत नाही.

असे काही घडले की आपण घाटाला दोष देतो. रस्ता अरुंद, वळणे अवघड, कठडे मोडके, हे सगळे खरेच आहे आणि ते दुरुस्त करणे सरकारचे कामच आहे. पण आपल्या सहलीचा बेत जरा कागदावर मांडून पाहा. पहाटे ४ ला निघायचे, प्रतापगड करायचा, महाबळेश्वरचे पाच पॉइंट करायचे, पाचगणीला थांबायचे, वाईच्या गणपतीला हात जोडायचे आणि रात्री १२ पर्यंत घरी, कारण सोमवारी नोकरी. म्हणजे तीन दिवसांची सहल एका दिवसात कोंबायची! माझे मत असे, की घाटातल्या दुखण्यांचे मूळ बहुतेक वेळा या कोंबाकोंबीत असते. पोट बिघडते ते वेळी-अवेळी खाण्याने, लघवीचा त्रास होतो तो न थांबल्याने आणि डुलकी लागते ती झोप न झाल्याने.

ड्रायव्हर कुठे झोपतो?

आपण भाड्याने गाडी ठरवतो तेव्हा काय विचारतो? किलोमीटरला दर किती, एसी आहे का, टेप आहे का. ‘ड्रायव्हर काल रात्री झोपला होता का?’ हा प्रश्न कोणी विचारत नाही. लग्नसराईत, सुट्टीत हीच माणसे एक भाडे सोडून लगेच दुसरे उचलतात. मुक्कामाच्या ठिकाणी आपण खोलीत गादीवर आणि ड्रायव्हर सीट मागे पाडून गाडीत, डासांत. सकाळी ५ ला आपणच काच ठोठावून त्याला उठवतो आणि ‘चला, सूर्योदय चुकेल’ म्हणतो.

झोपेचे शास्त्र साधे आहे. सलग १७ तास जागा असलेल्या माणसाचा मेंदू जवळजवळ दारू प्यालेल्या माणसासारखाच मंद चालतो, हे प्रयोगांनी सिद्ध झाले आहे. झोप अनावर झाली की डोळे उघडे असूनही मेंदू दोन-चार सेकंद बंद पडतो आणि माणसाला ते कळतही नाही. ताशी ६० किलोमीटरने जाणारी गाडी तीन सेकंदांत ५० मीटर पुढे जाते. घाटातले वळण त्याच्या आत येते, हे सांगायला नको. पहाटे २ ते ६ आणि दुपारी जेवणानंतर २ ते ४ या वेळा सर्वांत वाईट. काच उघडणे, मोठ्याने गाणी लावणे, तंबाखूचा बार भरणे, यांनी झोप जात नाही. चहाने थोडा वेळ तरतरी येते, इतकेच. झोपेवर इलाज झोप हाच. गाडी रस्त्याच्या कडेला सुरक्षित जागी लावून १५-२० मिनिटे पडू द्यावे, मग चहा द्यावा, मग निघावे.

मोटार परिवहन कामगारांसाठी १९६१ साली कायदा झाला. साधारणपणे दिवसाला आठ तास काम, आणि सलग पाच तासांच्या आत निदान अर्धा तास विश्रांती, असे त्यात होते. कायदा किती पाळला जातो ते आपण जाणतोच. पण ड्रायव्हरच्या खोलीचे आणि जेवणाचे पैसे आपल्या वर्गणीत धरायला कोणाची परवानगी लागत नाही. त्याची ती झोप म्हणजे आपल्या पोराबाळांचा विमा आहे. स्वतःची गाडी असेल तर हाच नियम स्वतःला लावावा. रात्रपाळी करून आलेल्या मुलाच्या हाती पहाटे स्टिअरिंग देऊ नये.

दारूविषयी काय बोलावे! कायद्याने १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त मद्य सापडले तर गुन्हा होतो. पण घाटात त्याहून कमीही नकोच. ‘एक बिअरने काय होते’ असे विचारणाऱ्याला दुसरी बिअर पिण्याची संधी दरी देत नाही.

गाडी का लागते?

आपल्या कानाच्या आतल्या भागात तोल सांभाळणारे एक इंद्रिय असते. गाडी वळली की ते मेंदूला कळवते, ‘आपण वळतो आहोत’. डोळे मात्र समोरच्या सीटवर किंवा हातातल्या मोबाईलवर असतात. ते सांगतात, ‘आपण स्थिर आहोत’. दोन्ही साक्षी जुळेनात की मेंदू गोंधळतो आणि पोट ढवळते. गाडी चालवणाऱ्याला सहसा हा त्रास होत नाही, कारण पुढचे वळण त्याला आधीच दिसलेले असते.

उपाय यातच आहे. ज्याला गाडी लागते त्याला पुढे बसवावे, लांबवरच्या डोंगराकडे पाहायला सांगावे, काच थोडी खाली करावी. मोबाईल आणि पुस्तक बंद. निघताना पोट अगदी रिकामे नको आणि वडा-मिसळ हाणून तुडुंबही नको. आल्याची वडी किंवा आल्याचा तुकडा चघळल्याने बऱ्याच जणांना बरे वाटते. अ‍ॅव्होमिनसारखी गोळी घ्यायची तर निघण्यापूर्वी अर्धा-एक तास घ्यावी. उलटी सुरू झाल्यावर तिचा फारसा उपयोग नाही. या गोळीने झोप येते, म्हणून गाडी चालवणाऱ्याने ती घेऊ नये. दोन वर्षांखालील बाळाला ती देऊ नये. काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे.

बायकांची कुचंबणा

आता ज्यावर कोणी बोलत नाही ते बोलतो. सहलीत बायका पाणी पीत नाहीत. का, तर वाटेत जायला जागा नाही. पुरुष गाडी थांबवून आडोसा शोधतात. बाईने काय करावे? सकाळी निघाल्यापासून रात्रीपर्यंत घोट-घोट पाण्यावर काढायचे आणि लघवी तासन्तास दाबून ठेवायची. मग दोन दिवसांनी जळजळ, थंडी वाजून ताप. गरोदर स्त्री आणि मधुमेह असलेली स्त्री यांना हा जंतुसंसर्ग जास्त जाचतो, मूत्रपिंडापर्यंतही जातो.

पर्यटनस्थळी गाडी लावायचे पैसे घेतले जातात, आत जायचे पैसे घेतले जातात. मग बायकांसाठी पाण्याची सोय असलेले स्वच्छ स्वच्छतागृह नको का? दर तासा-दीड तासाच्या रस्त्यावर ते असायला हवे, अशी मागणी महिला मंडळांनी आणि आपल्या लोकप्रतिनिधींनी लावून धरावी. तोपर्यंत घरच्या कर्त्या पुरुषाने एवढे करावे: बरे हॉटेल किंवा पेट्रोल पंप दिसला की कोणी न सांगता गाडी थांबवावी. आपल्या आईने, बायकोने मागणी करायची वाट पाहू नये. ती करणार नाही.

या थांब्याचा फायदा सर्वांनाच होतो. चार तासांपेक्षा जास्त वेळ पाय मुडपून बसले की पायाच्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. दर दोन तासांनी खाली उतरून पाच मिनिटे चालावे. पूर्वी गुठळी झालेले, नुकतेच ऑपरेशन झालेले आणि गरोदर स्त्रिया यांनी तर नक्कीच.

खाणे, पाणी आणि माकडे

धुक्यात गरम भजी आणि भाजलेले कणीस यांना नाही कसे म्हणावे? समोर तळलेले, समोर भाजलेले खुशाल खा. भीती असते ती चटणीची, कापून ठेवलेल्या फळांची आणि बर्फाच्या गोळ्याची. पाणी घरून उकळून न्यावे. झऱ्याचे पाणी चकाकते म्हणून ते शुद्ध असते असे नाही, वर गुरे चरत असतात. जुलाब लागले तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून घोट-घोट पाजावे. चमचा चहाचा घ्यावा.

मधुमेह आणि रक्तदाबाच्या गोळ्या सहलीतही चुकवायच्या नाहीत. इन्शुलिन गाडीच्या काचेजवळ उन्हात ठेवायचे नाही. गोळी घेतली आणि जेवण लांबले की साखर उतरते, म्हणून खिशात साखर किंवा ग्लुकोजची पुडी असावी.

घाटातल्या माकडांना चणे-शेंगदाणे घालण्यात पुण्य नाही. सवयीने ती अंगावर येतात. माकड चावले किंवा ओरबाडले तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन रेबीजच्या लसीची चौकशी करावी. हळद, चुना लावत बसू नये.

धबधबा आणि फोटो

दि. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याच्या भुशी धरणाजवळच्या धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. वर डोंगरात पाऊस झाला की खाली ऊन असतानाही पाणी अचानक वाढते. ते गढूळ झाले, त्यात पाने-काटक्या दिसू लागल्या, की पोरांना उचलून बाहेर यावे. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आपल्याच बोरणे घाटात फोटो काढताना एक तरुणी दरीत पडली. होमगार्ड आणि गावकऱ्यांनी तिला जिवंत वर काढले. दर वेळी असे हात मिळतीलच असे नाही. शेवाळलेल्या कातळावर आणि कठड्यावर फोटो नको.

गाडी चालवणाऱ्यांना दोन शब्द. ज्या गिअरमध्ये घाट चढतो त्याच गिअरमध्ये उतरावा. सतत ब्रेक दाबून ठेवला की तो तापतो आणि तापला की धरत नाही. डिझेल वाचवायला उतारावर न्यूट्रल करणे म्हणजे चार रुपयांसाठी जीव गहाण टाकणे. चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यावी. धुक्यात दिवे डिपरवर ठेवावेत. पट्टा मागे बसणाऱ्यांनीही लावावा, तसा नियमच आहे. बाळाला मांडीवर घेऊन पुढच्या सीटवर बसू नये.

अपघात दिसला तर

घाटात अपघात दिसला की पुष्कळ जण ‘पोलिसांचे लचांड नको’ म्हणून पुढे जातात. ही भीती आता सोडावी. जखमीला मदत करणाऱ्याला त्रास देऊ नये, अशी मार्गदर्शक तत्त्वे सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये मान्य केली आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यातही मदतगाराला संरक्षण मिळाले. १०८ ला फोन करावा, रस्त्याच्या कडेचा किलोमीटरचा दगड पाहून जागा सांगावी. रेंज नसेल तर एकाला पुढे पाठवावे. वाहत्या रक्तावर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरावे. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी ओतू नये. गाडी पेटण्यासारखा धोका नसेल तर मान-पाठ दुखावलेल्याला ओढून बाहेर काढू नये.

एवढे वाचून कोणी सहलच रद्द करील तर ते मला आवडणार नाही. या वर्षी जरूर जा. फक्त पाच ठिकाणांऐवजी दोन पाहा आणि पहाटे ४ ऐवजी झोप झाल्यावर निघा. अंधार पडण्यापूर्वी घाट उतरा. एखादा पॉइंट राहिला तर राहू द्या. डोंगर कुठे जात नाही, पुढच्या पावसातही तो तिथेच असणार आहे. त्याला पाहायला आपण सगळे असलो पाहिजे, एवढेच.